बाईचं वजन करत नाहीत

कात्री बोटाएवढी होती, दोरा तोडायची. त्या कात्रीने मला नऊ कपडे कापायचे होते आणि कपड्यांच्या आत हमीदा होती.

गाडी रस्त्यात उभी होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, वर एप्रिलचं ऊन. गाडीतली थंड हवा अर्ध्या तासापूर्वी बंद पडली होती. हमीदाला मी दोन सीटांच्या मधल्या जागेत आडवी केली. तिच्या गालाला हात लावला तर तव्याला लागावा तसा लागला. घाम नव्हता. आधी खूप आला, मग थांबला. घाम थांबला तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, हिला आता बरं वाटतंय.

बुरखा लवकर निघाला, त्याला पुढून बटणं होती. आतल्या मॅक्सी घोट्यापर्यंतच्या. भिजून एकीला एक चिकटलेल्या. डोक्यावरून काढायच्या तर बाई उचलावी लागते, आणि हमीदा ऐंशी किलोची. मी गळ्यापासून कापायला घेतलं. हिरवी कापली, आत जांभळी. जांभळी कापली, आत फुलाफुलांची.

ती शुद्धीत नव्हती, पण कात्रीचा आवाज तिला कळत होता.

"कापू नको, आपा. तो सतराव्या मजल्यावरचा आहे."

"गप पड."

"बाहीवर टिकल्या आहेत त्याच्या."

गाडीवाला थाई माणूस होता, तिशीचा असेल. मी ओरडल्यावर तो खाली उतरला, दारात पाठ करून उभा राहिला आणि आपला टॉवेल दोन्ही हातांनी आडवा धरला, बाजूच्या ट्रकवाल्यांना दिसू नये म्हणून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आत तिची स्वतःची मॅक्सी होती. तपकिरी, कोपरावर ठिगळ लावलेली. तीही कापली.

हमीदा हर्णैची. शारजात अल नहदाला आमच्याच टॉवरमध्ये, आमच्याच मजल्यावर राहायची. ती मुलाकडे, मी मुलीकडे. पोरं सकाळी सहाला दुबईच्या रस्त्याला लागतात, नातवंडं शाळेच्या बसमध्ये बसतात, आणि मग अख्ख्या टॉवरमध्ये म्हाताऱ्या आणि मोलकरणी उरतात. मी अकरा वर्षं तिला रोज बघत होते. मैत्रीण म्हणणार नाही. तिला मैत्रिणी नव्हत्या, गिऱ्हाइकं होती.

ती आपल्या झोपायच्या खोलीत कपडे विकायची. मॅक्सी, काफ्तान, घरात घालायचे पायजमे. पलंगावर चादर अंथरली की दुकान उघडलं. माल पट्टायाचा. वर्षातून दोनदा जाऊन स्वतः आणायची. म्हणून बायका तिला पट्टायावाली म्हणायच्या. पुरुषांना ते नाव ऐकून हसू यायचं. पट्टाया म्हटलं की आपले पुरुष एकमेकांकडे बघत नाहीत, खाली बघतात.

एकदा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा एकजण, टाय लावलेला, तिला म्हणाला, "खाला, पुन्हा पट्टाया? असं काय आहे हो तिथे?" त्याची बायको बाजूला उभी होती.

हमीदा म्हणाली, "तुम्ही गेल्या साली ऑफिसच्या लोकांबरोबर जाऊन आलात ना, भाईजान? तुमचा बाजार वेगळा, माझा वेगळा."

 बायकोला ऑफिसची मीटिंग अबुधाबीला होती असं माहीत होतं.

मी चौथी शिकले. हमीदा शाळेत गेलीच नाही. तिला आकडेसुद्धा वाचता येत नव्हते, मग मेजरटेप काय कामाची? ती दोऱ्याने माप घ्यायची. गोधडीचा जाड पांढरा दोरा. खांद्यापासून घोट्यापर्यंत एक लांबी. छातीचं माप भरेल तिथे एक गाठ, कमरेचं भरेल तिथे दुसरी. मग त्या बाईच्या जुन्या ओढणीची चिंधी मागून घ्यायची आणि दोऱ्याच्या टोकाला बांधायची. चिंधीवरून दोरा कुणाचा ते कळायचं. सगळे दोरे बिस्किटाच्या निळ्या डब्यात, आणि त्यातच ती छोटी कात्री.

बाराव्या मजल्यावरची एक पोरगी एकदा म्हणाली, "खाला, माप थोडं घट्टच घ्या. मी डाएट सुरू केलंय."

"बारीक होशील तेव्हा दुसरा दोरा घेईन. दोरा आजचा असतो."

किमतीवरून कुणी बोललं तर तिला आवडायचं नाही. माझ्यासमोर एका नव्या बाईला तिने चाळीस दिरम सांगितले. बाई लगेच बोटांवर हिशेब करायला लागली. "चाळीस म्हणजे नऊशे रुपये! नऊशेत आमच्या गावाला दोन येतात."

"मग गावाला जा. आधी तिकीट किती पडतं ते विचारून ये."

बाईने घेतली. एकदा घेतलेली पुढच्या खेपेला परत यायचीच, कारण अंगाला असं बसणारं दुसरं काही इथे मॉलमध्ये मिळत नव्हतं. मॉलमध्ये तीन मापं असतात. बायकांची तीन मापं नसतात.

पाच वर्षांपूर्वी तिने मला बरोबर यायला सांगितलं. कारण गोड नव्हतं. "तुझं वजन कमी आहे, तुझ्या वाटणीची बॅग मिळेल. आणि तुला आकडे कळतात." मुलगी म्हणाली जाऊन ये, घरात बसून भिंती बघतेस. गेले.

तिथे समुद्राला लागून मोठा रस्ता आहे, सगळे लोक तिथेच फिरतात. हमीदाने त्या रस्त्यावर एक मॅक्सी कधी घेतली नाही. "समुद्रासमोरचं दुकान समुद्राचं भाडं आपल्याकडून घेतं." एक काचेचा मोठा मॉल होता. तिथे आम्ही रोज दुपारी जायचो, बाकड्यावर बसायचो, गार व्हायचो, संडासाला जायचो आणि उठायचो. "इथे हवा घ्यायची, कपडा नाही." पाण्यावर होड्यांतून बाजार भरतो, तो फोटो काढणाऱ्यांसाठी. सगळीकडे हत्ती छापलेले पायजमे टांगलेले. मी एक हातात घेतला तर म्हणाली, "ठेव. हत्तीचेपण पैसे लावलेत त्यांनी."

तिचा बाजार मागे होता. आठवड्यातून दोनदा मोकळ्या जागेवर ताडपत्र्या लावून भरायचा, तिथले लोक स्वतःसाठी जातात तो. आणि मशिदीच्या गल्लीत एका थाई मुसलमान बाईचं दुकान होतं, डोक्याला रुमाल बांधलेली, आमच्याच वयाची. तिथे ढीग असायचे. हमीदा एकेक कपडा उलटा करायची आणि पहिली काखेतली शिवण ओढून बघायची. "कपडा काखेत मरतो," म्हणायची. मग चिंधीवाला दोरा काढून कपड्यावर धरायची. गाठी जिथल्या तिथे आल्या तर बाजूला. थाई बाई थाईत बोलायची, ही हर्णैच्या बोलीत. दोघी आपापल्या भाषेत भांडायच्या आणि सौदा व्हायचा. मला तिथली पाटी वाचता येईना. हमीदा खूश झाली. "बघ. इथे शिकलेली पण अडाणी. म्हणून मला इथे बरं वाटतं."

त्या पहिल्या खेपेला मी एका टपरीवर चमचे बघत थांबले. मान वर केली तर ही नाही. तासभर मी त्या गर्दीत फिरले. रडायचं वय नव्हतं म्हणून रडले नाही. ती मशिदीच्या गल्लीत सापडली, शिवण ओढत होती.

"मला टाकून आलीस?"

"मी बाजार करायला आले, तुला सांभाळायला नाही."

हे मुद्दाम लिहिते आहे. ती कशी होती ते कळावं म्हणून.

त्याच खेपेला परतीच्या विमानतळावर तिच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. काउंटरवरच्या पोरीने मान हलवली. जास्तीचा आकार हमीदा देणारी नव्हती, तेवढ्यात तिचा सगळा नफा गेला असता. तिने तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली, काटा पाहिजे तिथे येईपर्यंत कपडे काढले. अकरा निघाले. झाडू मारणाऱ्या बायका जमल्या. तिने अकराही घडी करून त्यांच्या हातात दिले आणि त्या वाटून घेताना उभी राहून बघत राहिली. मी म्हटलं, चल, विमान जाईल. हलली नाही. कोणता कुणाला जातो ते बघत होती.

शारजात अकरा बायकांना तिने हात हलवत तोंड दाखवलं. त्यानंतर जेव्हा गेलो तेव्हा निघायच्या दिवशी तिने हॉटेलच्या खोलीत कपडे पलंगावर मांडले आणि म्हणाली, "बॅगेचं वजन करतात, बाईचं करत नाहीत."

तेव्हापासून आम्ही माल अंगावर घालून यायचो. एकावर एक, वर बुरखा. तिच्या अंगावर पाच, माझ्या अंगावर तीन-चार. हॉटेलातूनच घालून निघायचं, कारण विमानतळाच्या संडासात तिला एकदा धड वळता आलं नव्हतं. गाडी थंड, विमानतळ थंड, विमान त्याहून थंड. शारजाला उतरलो की तिची नात झारा दारातच हसायची. "दादी, यू लुक लाइक अ सोफा."

"बस मग माझ्यावर," हमीदा म्हणायची.

चार वर्षं काही झालं नाही. काही होत नाही म्हटलं की माणूस तेच करत राहतं.

शेवटच्या खेपेच्या आधी तिच्या मुलाची, इरफानची, नोकरी गेली. कंपनी बंद झाली. मुलाचा व्हिसा गेला की आईचाही जातो. ईदनंतर सगळ्यांनी हर्णैला परत जायचं ठरलं. इरफान तोंड पाडून फिरत होता. हमीदाने फक्त डबा उघडला आणि दोरे मोजले. चौतीस होते.

"ईदनंतर खलास," ती मला म्हणाली. "हर्णैला कोण माझ्याकडून मॅक्सी घेणार? तिथे माझी वहिनी मला ताट वाढील आणि वर बघणार नाही. पण हे दोरे पुरे करून जाते. चौतीसच्या चौतीस. एक बाई मागे नाही ठेवायची."

इरफान म्हणाला, "अम्मी, या वेळी राहू दे. रमजान आहे, गरमी आहे."

"बायका ईदला काय घालतील?"

"त्यांच्याकडे कपडे आहेत, अम्मी."

"माझ्याकडचे नाहीत."

तिला एवढंच पाहिजे होतं. ते लहान होतं की मोठं, मला सांगता येत नाही. माझ्याकडे असं काही नव्हतं.

आम्ही गेलो. मी रोजे धरले नाहीत, सफरात माफ आहेत. ती धरत होती. मी म्हटलं, "माफ आहे, हमीदा. गोळ्या खातेस तू प्रेशरच्या."

"माफ आहे. मना नाही."

तीन दिवस उन्हात, पाण्याचा घोट नाही, दोरे घेऊन फिरली. तेहतीस झाले. चौतिसावा मिळेना, बाविसाव्या मजल्यावरची उंच बाई. तो शेवटच्या दिवशी सकाळी मशिदीच्या गल्लीत मिळाला. काखेची शिवण ओढली आणि दुकानवालीच्या पाठीवर थाप मारली. मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती. तो कपडा तिने मुठीत धरून खोलीवर आणला.

बॅगा भरल्या. हुकाच्या काट्याला लावून मी आकडा वाचला. बरोबर काठावर. दहा कपडे बाहेर उरले होते. पाच तिने घातले, आपल्या तपकिरीवर. पाच मला घातले, आत नुसता परकर. चौथा घालताना माझे हात वर जाईनात, तिने लहान पोराला घालतात तसा ओढून घातला.

"हमीदा, या वेळी जास्त झाले."

"चौतीस आहेत. मी काय करू?"

खाली दारात गाडीची वाट बघत उभ्या होतो. वीस मिनिटं. रस्त्यावरून वाफा येत होत्या. मला घेरी आली, भिंत धरली. तिने बघितलं आणि पहिली शिवी घातली. हर्णैची होती, लिहीत नाही.

"हाडं आहेत की काड्या तुझी? चल आत."

संडासात नेऊन तिने माझ्या अंगावरचे तीन काढले.

"बॅगेत घाल," मी म्हटलं.

"बॅगेत घातले तर पुन्हा काटा. पुन्हा झाडूवाल्या." आणि एकेक करून तिन्ही आपल्यावर चढवले. शेवटचा बसेना. मला म्हणाली, पाठीत ओढ. मी ओढला. मग तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, हॉटेलची, फुकट मिळते ती. "पी. तुझा रोजा नाही. गाडीत उलटी करशील तर माल खराब होईल."

मी प्यायले. सगळी.

गाडीत पहिला अर्धा तास ठीक होता. मग गार हवा बंद झाली. गाडीवाल्याने बटणं दाबून पाहिली, खिडक्या उघडल्या, गरम वारा आला. पुढे काही तरी उलटलं होतं म्हणून रस्ता थांबला. मी म्हटलं, हमीदा, दोन काढ. म्हणाली, "पुरुष आहे पुढे." मी म्हटलं, पाणी पी. म्हणाली, "मगरिबला किती वेळ आहे?" मगरिबला रोजा सुटतो, आणि दुपारचा एक वाजला होता.

मग ती मजले मोजायला लागली. सतरावा, एकोणिसावा, बाविसावा. मला वाटलं हिशेब करते आहे. थोड्या वेळाने तिने मला तिच्या वहिनीच्या नावाने हाक मारली आणि म्हणाली, मला भूक नाही. तेव्हा मी कात्रीसाठी डबा शोधला. दोरे सगळे गाडीत सांडले.

पुढचं वर लिहिलं आहे.

अँब्युलन्स उलट्या बाजूने आली. हॉस्पिटलात त्यांनी तिच्या काखेत, मांड्यांत बर्फ ठेवला, पंखे लावले, सुया टोचल्या. मला बाहेर बसवलं. असरच्या वेळेला, चारच्या सुमारास, एक तरुण डॉक्टरबाई आली. ती आपल्या फोनशी थाईत बोलली आणि फोन माझ्याशी हिंदीत बोलला. "मरीज की मृत्यु हो गई है. हमें खेद है." बाईच्याच आवाजात बोलला. मग डॉक्टरबाईने फोन खिशात ठेवला आणि माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली.

इरफान दुसऱ्या दिवशी पोचला. शारजाला नेण्यात काही अर्थ नव्हता, तिथून त्यालाच निघायचं होतं. तिथेच दफन करायचं ठरलं. मशीद बाजाराच्या मागे, कब्रस्तान मशिदीच्या मागे. जागा तिच्या माहितीतली होती.

गुसल, शेवटची आंघोळ, मी आणि त्या दुकानवाल्या बाईने दिला. आम्हाला एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, लागलंही नाही. पाणी कसं घालायचं ते दोघींना माहीत होतं. कफनाचं माप घ्यायचं होतं. दुकानवाली टेप आणायला उठली. मी तिला थांबवलं. डब्यातल्या रिळाचा दोरा काढला, डोक्यापासून पायापर्यंत धरला आणि त्याच कात्रीने तोडला. हमीदाचा दोरा डब्यात कधी नव्हता, तिने स्वतःसाठी तिथून कधी काही घेतलं नाही. बाईच्या कफनाला पाच कपडे लागतात. नऊ उतरवले, पाच चढवले. मग तोंड झाकलं. झाकायच्या आधी पाहिलं, तर कपाळावर आठी होती, शिवण तपासताना पडायची तशी. नंतर ती दिसली नाही. तो दोरा मी ठेवला नाही, तिथेच टाकला.

शारजाला येऊन मी मजल्या-मजल्यावर कपडे वाटले. सांडलेले दोरे गोळा करून कपड्यांना लावून बघितले, चिंध्यांवरून कुणाचा कोणता ते कळत होतं. सव्वीस होते. सतराव्या मजल्यावरची बाई दारात उभी राहून म्हणाली, "आंटी, माझा नाही आला?"

"आला होता. कापला."

"का?"

मी सांगितलं. तिने दार लावून घेतलं. नंतर तिचा रडण्याचा आवाज आला. मी पुढच्या मजल्यावर गेले.

ईदच्या दिवशी लिफ्टमध्ये हमीदाचे कपडे वर-खाली होत होते. सगळ्यांना नीट बसले होते. इरफानचं सामान खोक्यांत भरून झालं होतं. झारा माझ्याकडे आली आणि दारात उभी राहिली. "नानी, कॅन आय आस्क यू समथिंग?" मी म्हटलं, विचार. मला ती नानीच म्हणायची.

"हाऊ कम यू आर ओके?"

बापाने विचारलं नव्हतं, बायकांनी विचारलं नव्हतं. पोरीने विचारलं. मी तिला इंग्रजीत सांगू शकत नव्हते, म्हणून मराठीत सांगितलं, तिला कळेल एवढं सोपं करून. गाडीत दोन म्हाताऱ्या होत्या. एकीने नऊ कपडे घातले होते, एकीने दोन. दोनवाली जगली. ती मी.